पाहुण्यांचे बूट

“हे बूट आज मला या घरात दिसले, तर चुलीत घालीन,” आई म्हणाली. आमच्याकडे चूल नव्हती, गॅस होता. पण आई चिडली की तिच्या बोलण्यात चूल पेटायची.

“परवाच धुतलेत गं. सोडा लावून. दोन दिवस गच्चीवर उन्हात होते.”

“धुतलेत म्हणं! बूट ते बूटच.” तिने ते पिशवीत कोंबले, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि माझ्या हातात दिली. “शेजारी मगदूमकाकींकडं ठेवून ये. पाहुणे गेल्याबिगर आणायचे न्हाईत. आणि येताना हात धू.”

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची, तासगावची. मी एकवीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळत होते, डाव्या कोपऱ्यावर. कोपऱ्यावरच्या खेळाडूचं काम एकच. चढाईला आलेलीचा घोटा दिसला की त्यावर झेप घालायची आणि तो सोडायचा नाही. मातीवर खेळायचो तोवर पाय उघडे असत. मग मॅट आली, मॅटबरोबर बूट आले आणि माझं नाक रोज दोन तास दुसऱ्यांच्या बुटांपाशी राहायला लागलं. आमच्या घाटगे मॅडम स्वतः कोपऱ्यावर खेळलेल्या, त्यामुळे हे दुःख त्यांना ठाऊक होतं. वासाचे बूट घालून येणारीला त्या आधी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावत आणि मग सगळ्यांसमोर नळावर बूट धुवायला बसवत. त्या वयात मला स्वयंपाकातलं फारसं कळत नव्हतं, पण बुटाचा वास किती दिवसांचा आहे हे मी दारातून सांगायची.

पुढच्या सोमवारपासून नाशिकला राज्य संघाच्या निवडीचं शिबिर होतं, तीन आठवड्यांचं. आमच्या तालुक्यातून माझ्या एकटीला पत्र आलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि “बघू” म्हणाले. अण्णांचं “बघू” म्हणजे नाही, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

कारण मध्ये इंदूआत्या होती. अण्णांची थोरली बहीण, मिरजेची. आजी वारल्यावर अण्णांना तिनेच वाढवलं होतं आणि ते उपकार ती दर भेटीत नव्याने करायची. तिने माझ्यासाठी पुण्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा हर्षवर्धन जगदाळे, कंपनीत मोठा हुद्दा, स्वतःची गाडी. पसंती झाली की अक्षय्य तृतीयेला साखरपुडा, म्हणजे शिबिराच्या ऐन मध्ये. मी शिबिराचं नाव काढलं तेव्हा आत्या म्हणाली, “पायच धरायचा आसंल, तर नवऱ्याचा धर की. त्याला कुठं नाशिकला जावं लागतंय?”

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा पंख्याकडे बघत होते.

त्या रविवारी पाहुणे अकराला आले. पुढे जगदाळेकाकू, मध्ये हर्षवर्धन आणि सर्वांत मागे जगदाळेकाका, ज्यांना कुणी फारसं विचारत नसावं असं त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. हर्षवर्धनच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि पायांत पोपटी रंगाचे पळायचे बूट. सकाळी बारा किलोमीटर पळून तसाच गाडीत बसलो, हे त्याने उंबऱ्यावरच जाहीर केलं. मग बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि विचारलं, “इथे बाहेर सेफ आहेत ना? अमेरिकेहून मागवलेत.”

“आगं बाई, बाहेर नगं!” आत्या धावली. “मगदुमांचं कुत्रं पळवतंय.”

तिने ते बूट दोन्ही हातांनी उचलले. देवाचं ताट उचलावं तसे उचलून आत आणले आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून कोपऱ्यातल्या कूलरमागे नेऊन ठेवले. आत्या तपकीर ओढायची. तपकीर सोडून जगातल्या कुठल्याही वासाचा तिच्या नाकाशी वीस वर्षांत संबंध आला नव्हता. आणि कूलर मागून हवा ओढतो नि पुढे फेकतो, एवढं विज्ञान तिला कुणी शिकवलं नव्हतं. तो कूलर आम्ही खास पाहुण्यांसाठी चुलत्यांकडून मागून आणला होता.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तोवर वास खोलीभर झाला होता. ओले मोजे आत, आणि बुटाला कित्येक महिने पाण्याचा थेंब नाही. मला एका श्वासात सगळं कळलं. आईला त्याच श्वासात भलतंच कळलं. स्वयंपाकघराच्या दारातून तिने मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी जवळ गेल्यावर दंडाला चिमटा काढला.

“काकींकडं दिलेस का न्हाई?”

“दिले गं.”

“मग ह्यो वास कसला?”

“मला विचारू नकोस. पाहुण्यांना विचार.”

“तोंड सांभाळ,” आई म्हणाली आणि पाण्याचे पेले घेऊन हसऱ्या चेहऱ्याने बाहेर गेली.

बाहेर काकूंनी रुमाल नाकाला लावला होता. “असतं हो,” त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. “आमच्या फ्लॅटमध्येही येतो असा, ड्रेनेजचा. बिल्डरने फसवलं. सोसायटीकडे तीनदा तक्रार केली, बाथरूमच्या फरश्या उकरून झाल्या, तरी जात नाही.”

“आमच्याकडं ड्रेनेज न्हाई, गटार हाय. पण ते लांब हाय,” अण्णा म्हणाले. ते ओशाळले होते. त्यांना वाटलं कूलरचं पाणी शिळं असेल. त्यांनी ते काढलं, नवं भरलं, त्यात गुलाबपाणी टाकलं. आत्याने देवापुढच्या पाच उदबत्त्या आणून कूलरसमोर खोचल्या. आता खोलीत मोगरा, गुलाब आणि हर्षवर्धनची दौड असा तिहेरी वास सुटला. मांजर उठून बाहेर गेलं.

“मला तर काहीच वास येत नाहीये,” हर्षवर्धन म्हणाला. त्याने पोह्यांची दुसरी बशी घेतली होती. “हे सगळं मानसिक असतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तू कबड्डी खेळतेस म्हणे. छान आहे. पण लग्नानंतर कसं जमवणार? म्हणजे एका घरात दोन खेळाडू अवघड जातं. डिसेंबरला माझी हाफ मॅरेथॉन आहे. मी चारला उठतो. उठल्यावर मला ज्यूस लागतो, ताजा.”

“उठंल की ती!” आत्या म्हणाली. “तिला पहाटं उठायची सवयच हाय.”

“मी सरावाला उठते,” मी म्हणाले.

“त्येच. उठणं एकच,” आत्या म्हणाली.

काकूंनी रुमालाची घडी बदलली. “खेळाडू मुलगी म्हटलं की हे आलंच. तिचे ते बूट कुठे असतात हो?”

आईचा धीर सुटला. तिने एका दमात सगळं कबूल केलं, जणू पोलिसांनी विचारलं होतं. बूट आहेत, पण घरात नाहीत, शेजारी दिलेत, पिशवीत बांधून दिलेत, पोरीला कितीदा सांगितलं, ऐकत नाही.

“शेजारी?” काकूंचे डोळे मोठे झाले. “शेजारून इतका वास? मुलीच्या जातीला शोभतं का हे?”

इथवर मी गप्प होते. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलीने विचारल्यावर बोलायचं, हे मलाही शिकवलेलं होतं. पण माझ्या बुटांवर आळ आला आणि मला राहवेना. मगदूमकाकींच्या दारात जाऊन मी पिशवी आणली, गाठी सोडल्या आणि बूट पोह्यांच्या बशीशेजारी टीपॉयवर ठेवले. आईने कपाळाला हात लावला.

“बघा वास घेऊन,” मी म्हणाले.

काकू मागे सरकल्या. हर्षवर्धन हसला. जगदाळेकाका मात्र पुढे वाकले, त्यांनी एक बूट उचलला, नाकाला लावला आणि आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं. “साबणाचा वास येतोय,” ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी बूट लगेच खाली ठेवला.

मग अण्णा उठले आणि त्यांनी कूलर बंद केला. दोन मिनिटांत वास विरत गेला. त्यांनी कूलर चालू केला. वास परत आला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. अण्णांनी पोस्टात बत्तीस वर्षं काढली होती. पत्र कुठून निघालं आणि कुठे पोचलं, हे शोधण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. ते गुडघे टेकून कूलरमागे वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

आईला कळलं होतं, तिचा चेहराच पडला. काकांना कळलं होतं. काकूंनाही कळलं असावं, कारण त्यांनी नाकावरचा रुमाल हळूच पर्समध्ये टाकला. फक्त ज्याचे बूट होते तो पोह्यातले शेंगदाणे निवडत होता. आणि मुलाकडच्यांच्या बुटाला वास येतो हे मुलीच्या घरात कुणी म्हणायचं असतं, असं आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं.

अण्णा उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्याने त्यांच्याकडे बघितलं.

“उंदीर मेला आसंल, दत्तू,” आत्या म्हणाली.

अण्णांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली.

“हां,” ते म्हणाले. “उंदीरच हाय. मेलाय.”

आईने बुटांवरून मला बोललेलं मला लागलं नव्हतं, काकूंचंही लागलं नव्हतं. अण्णांचं लागलं. त्यांना स्वतःच्या बैठकीत मेलेला उंदीर चालत होता, पण पाहुण्यांचे बूट वास मारतात एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. उद्या हाच माणूस मला याच घरात देणार, आणि तिथे माझं काहीही झालं तरी लोकांना सांगणार की उंदीर मेलाय. मला हे समोर लख्ख दिसलं आणि मला भीती वाटली. मॅटवर कधी वाटली नव्हती तेवढी.

“मग काढून टाका हो तो लवकर!” काकू सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

“काढते,” मी म्हणाले.

मी साडीत होते, पण कोपऱ्यावरचा खेळाडू साडीतही कोपऱ्यावरचाच असतो. दोन पावलांत कूलरमागे गेले आणि दोन्ही बूट टाचांना धरून वर काढले. “हा एक,” मी म्हणाले, “आणि हा दुसरा. जोडीने मेलेत बिचारे.”

“पद्मजा!” आई ओरडली. आत्याने डोळे मिटून घेतले. मी बूट घेऊन सरळ मागच्या दारी नळावर गेले, मोजे काढून दगडावर टाकले, आतले सोल ओढून काढले आणि नळ सोडला.

हर्षवर्धन अनवाणी धावत आला. बारा किलोमीटर पळणारा माणूस तेवढ्या अंगणात तळपाय पोळून नाचत होता. “पाणी नको! पाणी नको! त्याचा फोम जातो! दोन वर्षं मी त्याला पाणी लावलेलं नाही!”

“दोन वर्षं?” मी सहा महिने धरले होते. माझा अंदाज पहिल्यांदाच चुकला.

“असले बूट धुवायचे नसतात,” तो अभिमानाने म्हणाला.

“असले बूट पळून आल्यावर मोकळे करायचे असतात. लेस सैल, सोल बाहेर, मोजे धुण्यात. आत कागदाचे बोळे कोंबायचे, ओल ओढून घेतात. आठवड्यातून एकदा रात्री आत खायचा सोडा टाकायचा आणि सकाळी झटकायचा. फारच झालं तर कोमट पाण्यात धुवायचे आणि उन्हात टाकायचे. हे आमच्या संघातल्या चौदा वर्षांच्या पोरींना येतं.” मी ब्रश घासत बोलत होते. घाटगे मॅडमचा आवाज माझ्या तोंडून निघत होता आणि मला फार बरं वाटत होतं. बुटातून निघालेलं पाणी चहासारखं होतं.

जगदाळेकाका कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. हात मागे बांधून ते त्या पाण्याकडे टक लावून बघत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “सोडा किती घालायचा?”

“एका बुटाला दोन चमचे.”

“दोन चमचे.” त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, “म्हणजे आमचं ड्रेनेज चांगलं आहे.”

“अहो, गाडीत बसा!” काकू आतून कडाडल्या.

पाहुणे गेले. हर्षवर्धन अण्णांच्या रबरी स्लिपरा घालून गेला, ओले बूट त्याने एका हातात लांब धरले होते. गाडी वळली तशी आत्या रडायला बसली. असं स्थळ पुन्हा येणार नाही, दत्तूच्या पोरीने माझ्या तोंडाला काळं फासलं, आता मी मिरजेला कुठल्या तोंडाने जाऊ, असं बरंच म्हणाली आणि मिरजेला न जाता आमच्याकडेच मुक्कामाला राहिली. अजून निरोप यायचा आहे, असं तिचं म्हणणं होतं. निरोप येईपर्यंत शिबिराचं नाव काढायचं नाही, असंही तिचं म्हणणं होतं. अण्णा म्हणाले, “बघू.”

मी अण्णांशी बोलणं टाकलं. सकाळी ते विचारायचे, “खाल्लंस का काय?” मी उठून जायची. मला त्यांचा राग आलेला नव्हता. मला त्यांची लाज वाटत होती, आणि आपल्या बापाची लाज वाटणं किती वाईट असतं हे त्या तीन दिवसांत मला कळलं.

बुधवारी संध्याकाळी फोन वाजला. आत्याने झेप घातली. तशी झेप मीही कधी घातली नव्हती.

“व्हय, बोला की, बोला... आं?... खरं म्हंता?” तिने फोनवर हात ठेवला आणि आम्हाला ओरडून सांगितलं, “पसंत हाय! पोरगी पसंत हाय!” मग ती काकूंचं एकेक वाक्य ऐकून आमच्यासाठी मोठ्याने म्हणू लागली. “बूट नव्यासारखे झालेत म्हंत्यात... हर्षूच्या बुटाला आजवर कुणी हात लावला नव्हता म्हंत्यात... त्याचं सगळं बघणारी अशीच कामाची मुलगी पाहिजे हुती म्हंत्यात... घरातला वास गेलाय म्हंत्यात!”

मी दाराला धरून उभी राहिले. त्या नळावर मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या तोंडावर काहीतरी फेकलं होतं, आणि त्यांनी ते नीट झेलून माझ्या गुणांच्या यादीत लिहून घेतलं होतं.

“अक्षय्य तृतीयेलाच करू म्हंत्यात. घे, दत्तू, तू हो म्हण.” आत्याने फोन अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी फोन कानाला लावला. “नमस्कार, जगदाळेबाई,” ते पोस्टाच्या खिडकीतून बोलावं तशा शांत आवाजात म्हणाले. “ऐकलं सगळं. आनंद झाला... न्हाई, पण ती गेली हो... शिबिराला. नाशिकला... आज सकाळीच गेली.”

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. आत्याचं तोंड उघडं राहिलं.

“न्हाई, मधनं येता येत न्हाई. पुढं मॅचेस असत्यात... न्हाई, त्यानंतर पण न्हाई. तुम्ही थांबू नका, दुसरी बघा.” मग पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. अण्णांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. “बुटाचं म्हंता व्हय? त्यो सोडा कुठल्या बी किराणा दुकानात मिळतोय. त्याला सून लागत न्हाई.”

त्यांनी फोन ठेवला.

“दत्तू!” आत्या म्हणाली. “धडधडीत खोटं बोललास?”

“व्हय, आक्का. रविवारी बी बोललो हुतो. तवा तू काय म्हणाली न्हाईस.”

मी कसंबसं म्हणाले, “अण्णा, शिबिर सोमवारी आहे.”

“तर मग काय झालं? घाटगे मॅडमकडं ऱ्हा, मैत्रिणीकडं ऱ्हा, कुठं बी ऱ्हा.” त्यांनी खुंटीवरची माझी बॅग काढून माझ्यापुढे टाकली. “मिरजेतनं रात्रीची गाडी हाय. भर लवकर. मी बोलून बसलोय, आता मला खोटं पाडू नगंस.”